शेनला कुणीच चावले नव्हते : प्रस्तावना

११ मार्च २०१२ रोजी अमेरिकेत ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेचा जो भाग दाखवला गेला, त्यात रिकने आपल्या जिवलग मित्राला, शेनला, भोसकून मारले आणि काही क्षणांत शेनचे प्रेत उठून चालू लागले. त्याच भागात रँडल नावाच्या कैद्याचेही तसेच झाले. शेनने त्याची मान मोडली होती. डॅरिल आणि ग्लेनला तो सापडला तेव्हा तो ‘वॉकर’, म्हणजे चालते प्रेत, झालेला होता आणि अंगावर चाव्याची एकही खूण नव्हती. दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग अजून आठवड्याने, १८ मार्चला, येणार होता. या मधल्या काळातल्या एका साध्या प्रश्नापासून मला वाचकाला कथातर्काच्या अभ्यासक्षेत्रात न्यायचे आहे. चावलेलाच मरून उठतो हा आपलाच नियम लेखक विसरले, की आपल्याला तो नियम मुळात कधी कळलाच नव्हता?

शेवटच्या भागात रिकने उत्तर दिले. आपण सगळेच बाधित आहोत. पहिल्या पर्वाच्या अखेरीस, ५ डिसेंबर २०१०च्या भागात, अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या डॉ. जेनरने त्याच्या कानात हेच सांगितले होते. म्हणजे आठवडाभर जी गोष्ट ‘प्लॉट होल’, म्हणजे कथानकातला खड्डा, मानायला पूर्ण वाव होता, तीच एका वाक्याने पुरावा ठरली. माझ्या मते कथातर्काच्या अभ्यासाला यापेक्षा चांगले प्रवेशद्वार नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला चाहत्यांच्या अशा वादांचे नवल वाटते. मेलेली माणसे चालतात हे मान्य, मग बंदुकीतल्या काडतुसांचा हिशेब कशाला? उत्तर अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’इतके जुने आहे. घडण्यासारखे पण न पटणारे यापेक्षा अशक्य असूनही पटणारे त्याने कवीसाठी अधिक ग्राह्य मानले. प्रेक्षक एक अशक्य गोष्ट मोठ्या मनाने उसनी देतो आणि म्हणूनच बाकी सगळ्या व्यवहारात तो चोख असतो. मेलेला चालतो एवढे सोडले, तर या जगात पेट्रोल संपले पाहिजे, जखम चिघळली पाहिजे, भुकेने पाय लटपटले पाहिजेत. ही कठोरता म्हणजे प्रेमाचा अभाव नव्हे. ज्याला ते जग खरे वाटले आहे, तोच त्याचा हिशेब मागतो.

शेनच्या उदाहरणात प्रेक्षकांनी केलेले अनुमान आपल्या न्यायशास्त्राच्या भाषेत नेमके मांडता येते. ‘जिथे चालते प्रेत, तिथे चावा’ अशी व्याप्ती, म्हणजे अटळ साहचर्याचा नियम, त्यांनी मनाशी धरली होती. रँडल हा त्या व्याप्तीचा व्यभिचार, म्हणजे तिला खोटे पाडणारे उदाहरण. नैयायिक सांगतात की जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. इथेही तसेच. चावलेला माणूस मरून उठतो हे पडद्यावर वारंवार दिसले होते. उठलेला प्रत्येक जण चावलेलाच असतो, हे मालिकेने सिद्ध केले नव्हते. तो नियम प्रेक्षकाने इतर झोंबीपटांतून सोबत आणला होता. जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये तर नुकते मेलेले कुणीही उठते, तिथेही चावा ही अट नाही. म्हणजे मालिकेने परंपरा मोडली असे वाटत असताना ती आपल्या मूळ परंपरेकडेच वळत होती.

नियम कळला म्हणून वाद मिटला नाही, उलट अधिक सूक्ष्म झाला. सगळेच बाधित असतील, तर चाव्याने माणूस का मरतो? या प्रश्नातून चाहत्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : चाव्याने येणारा जीवघेणा ताप, आणि कोणत्याही मृत्यूनंतर होणारे उठणे. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी तिसरे पर्व सुरू झाले, तेव्हा शेतमालक हर्शेलचा चावलेला पाय रिकने कुऱ्हाडीने तोडला आणि हर्शेल जगला. बाधा आधीच अंगात असताना पाय तोडून काय साधले, हे त्या भेदाशिवाय सांगताच येत नाही.

सगळे आक्षेप सारख्या तोलाचे नसतात आणि नव्या अभ्यासकाने हे ओळखायला शिकावे. दुसऱ्या पर्वाच्या त्याच अखेरच्या भागात शेतावर उभा असलेला हर्शेल शॉटगनमधून गोळ्या झाडतच राहतो, पुन्हा काडतुसे भरताना दिसत नाही. ही चूक आहे आणि तिला चूक म्हणावे. अटलांटातली झुंड हेलिकॉप्टरमागे निघून थेट शेतापर्यंत येते, यावरचा आक्षेप मात्र मला कच्चा वाटतो. आवाजाकडे वळणे, एक निघाला की बाकीच्यांनी मागे जाणे आणि अडवणारे काही नसेल तर चालत राहणे, हे या प्रेतांचे वागणे मालिकेने आधी दाखवलेले आहे. शेवटी रिकचा मुलगा कार्ल याने शेनच्या प्रेतावर झाडलेली गोळी त्यांना दिशा देते. ही कार्यकारणाची साखळी मला बिनचूक वाटते.

रिकची बायको लोरी हिच्याविषयीचा वाद आणखी वेगळा. शेन धोकादायक आहे असे तिनेच रिकला सांगितलेले असते. मग रिकने त्याला मारल्याचे कळताच ती त्याच्यापासून दूर का होते? याला ‘अतार्किक’ म्हणणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे. तिला कळतात त्या दोन गोष्टी : नवऱ्याने मित्राला मारले आणि त्या मित्राच्या उठलेल्या प्रेतावर मुलाला गोळी झाडावी लागली. माणसाच्या मनातली विसंगती हा कथानकातला खड्डा नव्हे. स्त्रीपात्रांच्या बाबतीत ही गल्लत जास्त सहज होते, आणि ती कुठे होते ते शोधणे हे या क्षेत्रातले गंभीर काम आहे.

दुसरा मोठा प्रश्न न्यायाचा : सांगणारा ऐकणाऱ्याशी सरळ वागला का? ऑक्टोबर २०१५मध्ये ग्लेन झुंडीत पडला आणि आतडी उपसली जाताना दिसली. नंतर कळले की ती त्याच्या अंगावर पडलेल्या निकोलसची होती. मधल्या भागांत श्रेयनामावलीतून ग्लेनचे काम करणाऱ्या स्टीव्हन यूनचे नावही काढलेले होते. मग ३ एप्रिल २०१६ला सहावे पर्व संपताना खलनायक निगनने गुडघ्यांवर बसवलेल्या अकरा जणांतून एकाला मोजणी करत मारायला निवडले, कॅमेरा बळी जाणाऱ्याच्या डोळ्यांत गेला आणि पडदा काळा झाला. नाव कळायला २३ ऑक्टोबर उजाडला. लोकांनी बसण्याचा क्रम मांडला, निगनच्या मोजणीतला एकेक शब्द त्या क्रमाशी ताडून पाहिला. तो तर्क उत्तम होता, पण राग तर्कचुकीचा नव्हता. पात्राला जे त्या क्षणी कळले आहे, ते प्रेक्षकापासून केवळ पर्व संपले म्हणून लपवले गेले, हा तो राग होता. मला तो रास्त वाटतो.

हा छंद झोंबींबरोबर जन्मला नाही. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला कशी, यावर शेरलॉक होम्सचे वाचक शतकभर वाद घालत आले आहेत. रोनाल्ड नॉक्सने १९११ साली ऑक्सफर्डमध्ये होम्सकथांवर बायबलच्या चिकित्सकांच्या पद्धतीने निबंध वाचला, तेव्हा या वाचनाला एक रीत मिळाली. माध्यम-अभ्यासक हेन्री जेन्किन्सच्या १९९२च्या ‘टेक्स्चुअल पोचर्स’ने चाहत्यांना निष्क्रिय ग्राहक मानणे अवघड केले. जेसन मिटेलने मालिकेचा तपासनीसासारखा कीस काढणाऱ्या प्रेक्षकवृत्तीला ‘फोरेन्सिक फॅनडम’ म्हटले. २००९मध्ये कॅनडातल्या गणितींनी झोंबीसाथीचे साथरोगशास्त्रीय प्रारूपही मांडले. कल्पित नियम गांभीर्याने घेतला, तर खरी अवजारे त्यावर चालतात.

येणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. प्रत्येक युक्तिवादाची तारीख पाहावी; १८ मार्चनंतरच्या ज्ञानाने १२ मार्चच्या माणसाला मूर्ख ठरवू नये. आणि बोलणारा रॉबर्ट कर्कमनची मूळ चित्रकथा वाचलेला आहे का, ते पाहावे. तिच्या शंभराव्या अंकात निगनने ग्लेनला मारलेले आहे. ते वाचलेल्याची शंका आणि न वाचलेल्याची शंका एकच नसते. मराठी वाचकाला घराजवळून सुरुवात करायची तर आदित्य सरपोतदारांचा डोंबिवलीत घडणारा ‘झोंबिवली’ (२०२२) आहे. त्याचे नियम कागदावर उतरवून पाहावेत.

काम भरपूर शिल्लक आहे. पहिल्या पर्वात रिक आणि ग्लेन अंगाला प्रेतांची आतडी फासून झुंडीतून जातात आणि त्यांना काही होत नाही. आठव्या पर्वात निगनची माणसे शस्त्रे तशाच प्रेतांच्या रक्तात बुडवतात आणि जखमी झालेले तापाने मरतात. त्याच पर्वात रिकच्या गटातला गॅब्रिएल आणि निगन दोघेही आतडी फासून बाहेर पडतात. गॅब्रिएल तापाने फणफणतो, जगतो, पण एका डोळ्याची दृष्टी गमावतो. निगनला काहीच होत नाही. उघडी जखम हे एक उत्तर, प्रत्येकाची प्रतिकारशक्ती हे दुसरे, लेखकांची सोय हे तिसरे. पडद्यावरच्या पुराव्यातून यांतले कोणते टिकते, हे भागागणिक तपासावे लागेल.