वडिलांचें मौन

काश्मीर प्रश्नाचा इतिहास ज्यांनीं थोडाफार चाळला आहे, त्यांस योसेफ कोर्बेल हें नांव अगदींच अपरिचित नसावें. १९४८ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें भारत व पाकिस्तान यांच्याकरितां जें कमिशन नेमिलें, त्यांत हे चेकोस्लोव्हाक मुत्सद्दी सभासद होते. पुढें १९५४ मध्यें काश्मीरवर त्यांनीं एक ग्रंथही लिहिला. दुसऱ्यांच्या वांटणीचें गाऱ्हाणें इतक्या बारकाईनें ऐकून घेणाऱ्या ह्या गृहस्थानें आपल्या स्वतःच्या घराण्याची एक गोष्ट मात्र मुलांजवळ कधींच काढली नाहीं. त्यांच्या कन्येस तिचें पुरतें स्वरूप वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं एका वृत्तपत्राच्या बातमीदारामुळें कळलें.

ही कन्या म्हणजे मॅडलिन ऑल्ब्राइट. १९९७ च्या जानेवारींत त्या अमेरिकेच्या पहिल्या स्त्री परराष्ट्रमंत्री झाल्या, आणि लगेच फेब्रुवारींत 'वॉशिंग्टन पोस्ट'नें छापिलें कीं, त्यांचें घराणें मूळचें यहुदी असून आजा-आजींपैकीं तिघें नाझींच्या यहुदीसंहारांत बळी पडलीं. बाई कॅथलिक म्हणून वाढलेल्या. इतकें मोठें सत्य त्यांस ठाऊक नव्हतें, यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाहीं. २०१२ त प्रसिद्ध झालेलें त्यांचें 'प्राग विंटर' हें पुस्तक ह्या अविश्वासास दिलेलें उत्तर होय, असें कोणी म्हणेल. मला तसें वाटत नाहीं. केवळ उत्तर देऊन मोकळा होऊं पाहणारा मनुष्य इतके जुने कागद उपसण्याच्या खटाटोपांत पडत नाहीं.

१५ मार्च १९३९ रोजीं जर्मन फौजा प्रागमध्यें शिरल्या. दहाच दिवसांनीं कोर्बेल पतिपत्नी दोन वर्षांच्याही आंतल्या मुलीला घेऊन निसटलीं, तीं अखेर लंडनला पोहोंचलीं. तेथें परागंदा सरकारतर्फे बी. बी. सी.वरून मायदेशासाठीं होणारें भाषण-प्रक्षेपण कोर्बेल पाहूं लागले. मुलीच्या आठवणी त्या वयास साजतील अशाच आहेत: इमारतीच्या तळघरांत, डोक्यावरील ऊन पाण्याच्या नळांखालीं काढलेल्या रात्री, पुढें वॉल्टन-ऑन-थेम्स येथील घरांतलें पोलादी मेज, ज्याच्याखालीं हवाई हल्ल्याच्या वेळीं आसरा घ्यावयाचा, निर्वासित मुलांवरील बोलपटांत काम केल्याबद्दल मिळालेला गुलाबी ससा. ससा लक्षांत राहिला. १९४१ त आईबापांसह आपलाही बाप्तिस्मा झाला, हें चार वर्षांच्या मुलीच्या लक्षांत कोठून राहणार?

ह्याच घरांत एक आतेबहीण राहत असे. मुलांना इंग्लंडास पोहोंचविणाऱ्या आगगाडीनें ती १९३९ च्या उन्हाळ्यांत एकटीच आली होती. तिचे आईबाप व धाकटी बहीण मागें राहिलीं, आणि तिघेंही परत भेटलीं नाहींत. तीं युद्धांत गेलीं एवढें मुलीला कळलें. कां गेलीं, तें कोणी सांगितलें नाहीं. मला ह्या पुस्तकांतील सर्वांत अवघड जागा हीच वाटते.

मागाहून कागदपत्रांनीं सांगितलें तें असें. वडिलांचे वडील १९४२ त तेरेझीनला वारले. वडिलांच्या आईस १९४४ त ऑश्विट्झला नेऊन मारण्यांत आलें. आईची आई १९४२ त तेरेझीनहून पूर्वेकडे पाठविली गेली, ती परतली नाहीं. तेरेझीन हा सम्राट दुसऱ्या जोसेफानें बांधलेला जुना किल्ला. नाझींनीं तेथें सुमारें १,४०,००० यहुदी कोंडले. त्यांतील सुमारें ३३,००० रोगराईनें व उपासमारीनें तेथेंच मेले, तर सुमारें ८८,००० पुढें पूर्वेकडील छावण्यांत धाडले गेले.

कोर्बेल यांस भित्रे म्हणणें सोपें आहे. परंतु १९४१ चें मौन व १९४५ नंतरचें मौन हीं एकाच जातीचीं नव्हेत. पहिल्यांत सावधगिरी असूं शकेल. दुसऱ्यांत, आपण निघून आलों व आईबाप मागें राहिले, ही जाणीव असली पाहिजे. आणि जो मनुष्य ती बोलूं शकत नाहीं, त्यास दोष देण्यास मी धजत नाहीं. १९७७ त ते वारले, १९८९ त पत्नीही गेली, आणि विचारावयास कोणी उरलें नाहीं.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियांतील सुमारें ७७,००० मृतांचीं नांवें रंगविलेलीं आहेत. १९९६ त ऑल्ब्राइट तेथें पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. तीं नांवें पाहून त्यांस गहिंवरून आलें, पण त्यांत आपलें कोणी असेल असें त्यांच्या मनांतही आलें नाहीं. १९९७ च्या जुलैंत त्या पुन्हा गेल्या, तेव्हां कोणतीं नांवें शोधावयाचीं हें त्यांस ठाऊक होतें.