रोशाचे तेल आणि ज्वारीचे पेव

पावसाळा सरताना मेळघाटात किंवा अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या उतारांवर आम्ही हिंडतो, तेव्हा माणूसभर उंचीचे एक गवत भेटते. पान चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. हे रोशा गवत. काही जण त्याला तिखाडी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ओढ्याकाठी भट्ट्या लावून याचे तेल काढीत, कारण वाफ थंड करायला पाणी लागे. खानदेश, निमाड, वऱ्हाडचे हे तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. युरोपातील व्यापारी त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणत. वऱ्हाडचे नाव वाटेतच गळाले!

१८७१ मध्ये ऑस्कर जेकबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञाने भारतातून आलेल्या अशा गवती तेलातून जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. रोशाच्या उत्तम तेलात ते तीन-चतुर्थांशाहून अधिक असते. खऱ्या गुलाबतेलातही ते असतेच, म्हणून तर भेसळ खपून जाई.

जिरॅनिऑल कीटकांना पळवते. बंद जागेत त्याची वाफ पुरेशी साठली, तर भुंगे व सोंडकिडे मरतात. मग वऱ्हाडाने आपली ज्वारी या तेलाने का राखली नाही? एक तर तेल व्यापाराचे आणि महाग. शिवाय गुलाबाच्या वासाची भाकरी कोण खाणार? पण खरी अडचण रसायनाची. जे वाफ होऊन मारते, ते वाफ होऊन निघूनही जाते. गोणीतून तर लवकरच. दाण्याच्या आत दडलेली अळी मागाहून भुंगा होऊन बाहेर पडते.

वऱ्हाडाचा उपाय वेगळा होता: जमिनीतले पेव. तोंड लिंपले की दाण्यांच्या व किड्यांच्या श्वसनाने आतला ऑक्सिजन घटे, कार्बन डायऑक्साइड वाढे आणि किडे गुदमरत. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेते. पुढे पेवे गेली, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आल्या. त्यांतून सुटणारा फॉस्फिन वायू किडे मारतो, तसाच त्याच घरात निजलेल्या माणसांनाही मारतो. तेलांचा विचार पुन्हा सुरू झाला, तो या भीतीपोटीही.

वर्गात हे करून पाहता येईल. तीन बरण्यांत किडकी तूर घ्या. दोहोंत टीपकागदावर रोशाच्या तेलाचे दोन थेंब टाकून तो कागद टांगा. एकीला घट्ट झाकण लावा, दुसरीला फडके बांधा. तिसरीत तेल नको, पण झाकण घट्ट हवे. मेलेले भुंगे रोज मोजा. तिसरी बरणी काठोकाठ भरली असेल, तर तिला लहानसे पेवच म्हणा.