आधी आकार, मग भोक

फ्रान्सच्या जुरा डोंगरांतलं सां-क्लोद हे लाकूड कातणाऱ्यांचं गाव. १८५०च्या दशकात त्यांच्या हाती ब्रायर आलं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची, खोड आणि मुळाच्या मधली गाठ. ती तासन्‌तास उकळून महिनोन्‌महिने वाळवली की सहजी जळत नाही. तंबाखूच्या पाइपसाठी याहून चांगलं काय हवं!

कारखान्यांत आधी भोकं पाडायची आणि त्यांच्याभोवती आकार कातायचा, अशी रीत पडली. लाकडातल्या रेषा कुठेही जावोत, पाइप ठरल्या साच्याचाच. पुढे कोपनहेगनमध्ये पाइपदुरुस्ती करणाऱ्या सिक्स्टन इवार्सन या स्वीडिश कारागिराने हा क्रम उलटा केला. रेषा बघून आधी आकार, भोक नंतर.

मी पाइप ओढत नाही, पण सुट्टीच्या दिवशी घडवतो. भोक पाडलेल्या पहिल्या ठोकळ्यात मी रेषांमागे गेलो आणि कानस थेट आत घुसली. दुसऱ्या ठोकळ्याला आधी आकार दिला. कानस, पॉलिशपेपर, तीन रविवार. शेवटी ड्रिल तिरकं गेलं. सगळं वाया.

धोक्याचं काम आधी उरकावं, असं इंजिनिअरिंगमध्ये शिकलो होतो. इवार्सनने ते मागे ठेवलं, म्हणून लाकडाला आधी बोलता आलं. तिसरा ठोकळा आणलाय. भोक शेवटीच पाडणार.