रिंगो स्टार : ड्रमवादकाचे स्थान व ऐतिहासिक पुरावा

रॉक संगीताच्या इतिहासलेखनात कर्तृत्वाचे श्रेय बहुधा गीतकार व गायक यांच्या पदरी पडते. ड्रमवादक हा केव्हाही बदलता येण्याजोगा साथीदार मानला जातो. बीटल्स या वृंदातील रिंगो स्टार यांची कारकीर्द ही समजूत पारखून पाहण्यास विशेष उपयुक्त आहे. कारण १९६२ ते १९६८ या काळात त्यांच्या जागी दुसरा वादक बसविण्याचे प्रसंग तीनदा उद्भवले.

रिंगो यांचे मूळ नाव रिचर्ड स्टार्की. ७ जुलै १९४० रोजी लिव्हरपूलमधील डिंगल या कष्टकऱ्यांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. दीर्घ आजारांमुळे शिक्षण खंडित झाले. क्षयरोगावरील उपचारांच्या काळात रुग्णालयातच त्यांना तालवाद्यांची गोडी लागली. पुढे रोरी स्टॉर्म यांच्या वृंदात त्यांनी नाव मिळविले. ऑगस्ट १९६२ मध्ये पीट बेस्ट यांना दूर करून बीटल्सनी त्यांना आपल्यात घेतले.

परंतु लगेचच पहिला प्रसंग ओढवला. ४ सप्टेंबर रोजी ‘लव्ह मी डू’ हे गीत रिंगो यांच्या साथीने मुद्रित झाले. निर्मात्यांचे समाधान न झाल्याने ११ सप्टेंबर रोजी अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकास बोलावून तेच गीत पुन्हा मुद्रित करण्यात आले. रिंगो यांच्या हाती केवळ खंजिरी उरली. ५ ऑक्टोबरला प्रसिद्ध झालेल्या तबकडीवर मात्र पहिलेच मुद्रण होते, तर १९६३ च्या दीर्घ तबकडीवर दुसरे. या दोहोंतील भेद खंजिरीच्या नादावरून ओळखता येतो.

दुसरा प्रसंग जून १९६४ चा. घशाच्या विकारामुळे रिंगो रुग्णालयात असता जिमी निकल यांना घेऊन दौऱ्याचा आरंभीचा भाग पार पाडण्यात आला. जॉर्ज हॅरिसन यांचा याला विरोध होता. तो मानला गेला नाही.

ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो स्वतःच वृंद सोडून गेले. ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’ व ‘डिअर प्रुडन्स’ या गीतांत त्यांच्याविना काम भागविण्यात आले. तथापि सहकाऱ्यांनी त्यांना परत येण्याची विनंती केली आणि सप्टेंबरच्या आरंभी ते परतले, तेव्हा त्यांचे वाद्य फुलांनी सजविलेले होते.

तिन्ही वेळा काम अडले नाही, हे खरे. परंतु १९६२ चा निर्णय मुद्रणगृहाचा होता, तर १९६८ ची विनंती सहा वर्षे सोबत वाजविणाऱ्यांची होती. या दोन साक्षींचे मोल सारखे नाही. डावखुरे असूनही रिंगो उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवीत; त्यामुळे त्यांच्या भरणीच्या तुकड्यांना निराळे वळण लाभले. ‘रेन’ (१९६६) व ‘अ डे इन द लाइफ’ (१९६७) यांत ते स्पष्ट जाणवते. ठेका दुसऱ्याकडून धरून घेता येतो. हे वळण उसने आणता येत नाही. म्हणून श्रेयनामावलीइतकेच प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणही इतिहासाचे साधन मानावयास हवे. एरवी ड्रमवादकाचे कर्तृत्व नोंदीबाहेरच राहील.