जमिनीचे धनी आणि कसणारे हात

सरकारने शेतकऱ्यास कर्ज नव्हे, तर परत न घ्यावयाची रोख रक्कम द्यावी, ही गोष्ट आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु रक्कम मंजूर होणे निराळे आणि ती कसणाऱ्याच्या हाती पडणे निराळे. हे अंतर किती मोठे असू शकते, ते अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट कौंटीच्या, म्हणजे तेथील एका लहानशा जिल्ह्याच्या, इतिहासावरून दिसते. तो आम्ही ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

१९२९ नंतरच्या मंदीत तेथे कापसाचा भाव कोसळला. १२ मे १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत नवा शेतीकायदा झाला. पीक घटले म्हणजे भाव चढेल, हे त्याचे सूत्र. जो पेरा कमी करील त्यास सरकारने मोबदला द्यावा आणि तो पैसा गिरण्यांवरील करातून उभारावा, अशी योजना होती. त्या वर्षी पेरणी आधीच उरकली होती. म्हणून देशभर सुमारे १ कोटी एकर कापूस उभाच नांगरून टाकण्यात आला. पिकावर पाय न देण्यास शिकविलेली खेचरे त्या वेळी अडून बसत, असे सांगतात.

पॉइन्सेटमध्ये जमीन मळेवाल्यांची होती व ती कसणारी पुष्कळ कुटुंबे बटाईदार होती. सरकारचा करार मालकाशी, धनादेशही मालकाच्या नावे. बटाईदारास वाटा द्यावा असे कागदावर होते, पण देणे मालकाच्या मर्जीवर राहिले. कित्येकांस तो मिळाला नाही. पेरा घटल्यामुळे कित्येकांस घरदार सोडावे लागले. अखेर जुलै १९३४ मध्ये टायरोन्झा गावानजीक एका शाळागृहात ११ गौरवर्णीय व ७ कृष्णवर्णीय पुरुष जमले आणि वर्णभेदाच्या त्या मुलखात त्यांनी बटाईदारांचा एकच संघ स्थापन केला. कृषिखात्यातील काही वकिलांनी करारातील कलमाचा अर्थ बटाईदारांच्या बाजूने लावला; फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांनाच नोकरीवरून दूर करण्यात आले. ६ जानेवारी १९३६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरविली. तरी अनुदान थांबले नाही. जमिनीची धूप रोखण्याच्या नावाने त्याच वर्षी दुसरा कायदा होऊन ते पुढे चालू राहिले.

हे परक्या देशातले म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने अनेक कुळे जमिनीची मालक झाली, हे मोठेच काम झाले. परंतु पुढे 'कूळ लागेल' ह्या भीतीने बटाई तोंडीच ठरू लागली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने वर्षास ६,००० रुपयांचा किसान सन्मान निधी सुरू केला व २०२३ मध्ये राज्य सरकारने तेवढीच भर घालण्याचे ठरविले. दोन्ही रकमांचा आधार सातबाऱ्यावरील नाव हाच. तोंडी बटाईने राबणाऱ्याचे नाव तेथे नसते. मग त्यास हप्ता कोठून मिळणार?

ज्यांच्या घरची जमीन दुसरा कसतो, अशा ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. कायदा बदलेल तेव्हा बदलो. पण सुगीचा हिशेब करताना त्या हप्त्यातील वाटा कसणाऱ्याच्या हाती आपण होऊन ठेवावा. पॉइन्सेटच्या मालकांस जे सुचले नाही ते आपणांस सुचले, तर हा इतिहास वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.