धुळाक्षरांपासून स्मार्ट बोर्डापर्यंत

मुलाच्या पहिल्या अक्षरओळखीस मराठींत ‘धुळाक्षरें’ म्हणतात. ह्या एका शब्दांत पंतोजींच्या शाळेचा इतिहास सांठलेला आहे. लांकडी फळीवर बारीक धूळ पसरावी, काडीनें अगर बोटानें अक्षर काढावें, चुकल्यास तळहातानें धूळ सारखी करून पुन्हां आरंभ करावा, अशी ती रीत होती. प्राचीन गणितज्ञांची ‘पाटीगणित’ व ‘धूलिकर्म’ हीं नांवें ह्याच साधनावरून पडलीं. ही रीत विलायतेसहि गेली. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचे अधीक्षक अँड्र्यू बेल ह्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूवर लिहितांना पाहिलीं, तोच पाठ आपल्या शाळेंत घातला, आणि १७९७ सालीं लंडन येथें त्याविषयीं पुस्तक छापिलें. पुढें तिकडील गरिबांच्या शाळांतून मुलें वाळूवर अक्षरें काढूं लागलीं.

काळा फळा आला आणि वर्गाची बैठक बदलली. एकाच वेळीं पन्नास मुलांस नकाशा दाखवितां येऊं लागला, हा लाभ थोडा नव्हे. परंतु खडू गुरुजींच्या हातीं राहिला, व मुलांच्या वांट्यास ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा आली. आमच्या परभणी जिल्ह्यांत तर १९४८ पर्यंत, म्हणजे निजामी अमलांत, वरच्या वर्गांचें शिक्षण मुख्यत्वें उर्दूंत असे. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास फळा उजवीकडून डावीकडे वाचावा लागे.

कॅनडांतील एका कंपनीनें १९९१ सालीं ‘स्मार्ट बोर्ड’ बाजारांत आणिला. आपल्या राज्यांत २०१५ च्या जूनमध्यें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम निघाला, आणि त्या सुमारास जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा गांवच्या लोकवर्गणीनें ‘डिजिटल’ झाल्या. व्हाइटबोर्ड ॲप म्हणजे वस्तुतः बोटाखालची धूळपाटीच होय. भाकरीचें चित्र काढून तिचे चार तुकडे करावे, मुलानें एक तुकडा बोटानें बाजूस सरकवावा, चुकला तर परत आणावा. पाव म्हणजे काय हें त्याच्या हातास कळतें. परंतु वाचकहो, ह्याच बोर्डावर तासभर चित्रफीत लावून मुलांस पुन्हां हाताची घडी घालावयास लावणेंहि तितकेंच सोपें आहे. तसें घडल्यास वर्गणीचा पैसा सिनेमावर गेला, असें आम्ही म्हणूं.

धुळीस जें साधलें नाहीं तें मात्र ह्या बोर्डास साधतें: लिहिलेलें जपून ठेवतां येतें. आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मागें न राहिलेलें मूल परत आल्यावर अर्धें वर्ष गमावून बसतें. त्याच्या पाठीमागें झालेले पाठ पानोपान उघडून दाखवितां आले, तर गुरुजींस त्या मुलाशीं कोठून आरंभ करावा हें तरी ठरवितां येईल. मात्र पानें कोठें ठेविलीं आहेत हें पाहिलें पाहिजे. गूगलचा ‘जॅमबोर्ड’ टाळेबंदीच्या काळांत अनेक शिक्षकांच्या उपयोगीं पडला. तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. स्वित्झर्लंडांतील लोझान विद्यापीठांत ज्याचें मूळ आहे तो ‘ओपनबोर्ड’ विनामूल्य असून शाळेच्या संगणकावरच चालतो, इंटरनेट नसलें तरी अडत नाहीं. वीज गेली म्हणजे तोहि थांबतो. म्हणून दगडी पाट्या कपाटांत अजून राहूं द्याव्या.