शेजाऱ्याला समजावताना

१८९८ साली झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या वर्षाअखेरची परीक्षा झाली. सहापैकी सरासरी ५.७ गुण मिळवून आइन्स्टाइन पहिला आला. ५.६ गुणांनी दुसरा आला त्याचा मित्र मार्सेल ग्रोसमान. गंमत अशी की तासांना दांडी मारणाऱ्या आइन्स्टाइनने तयारी केली होती ती ग्रोसमानच्या नीटनेटक्या वह्यांवरून! वही देणारा दुसरा आणि घेणारा पहिला, हा प्रकार आपल्या वसतिगृहांनाही नवा नाही. पण वही देणे ही मुकी मदत झाली. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला बोलून समजावले तर नेमके काय घडते, हे भौतिकशास्त्राच्या वर्गात पद्धतशीरपणे मोजले गेले ते जवळजवळ शंभर वर्षांनी.

मुलांनी मुलांना शिकवावे, ही कल्पना मात्र जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेतले आणि १७९७ मध्ये त्यावर लंडनमध्ये पुस्तकही काढले. ती पद्धत पुढे इंग्लंडभर पसरली, पण तिचे मोठे आकर्षण होते शिक्षकांवरचा खर्च वाचणे. मॉनिटरने पाठ घोकून घ्यायचा, एवढेच तिथे अपेक्षित होते. समजणे आणि घोकणे यांतला फरक तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही.

हा फरक एरिक माझूर यांना जाणवला, तोही अपघाताने. मूळचे डच असलेले हे लेसर-संशोधक १९८४ पासून हार्वर्ड विद्यापीठात प्राथमिक भौतिकशास्त्र शिकवत. वर्गात बहुतेक मुले पुढे वैद्यकीला जाणारी. मुले माझूर यांच्या शिकवण्यावर खूश होती, परीक्षेतली अवघड गणितेही सोडवत होती. मग १९९० मध्ये हॅलून आणि हेस्टेनिस या दोघांचे पाच वर्षांपूर्वीचे लेख त्यांच्या वाचनात आले. या दोघांनी ॲरिझोनातल्या विद्यार्थ्यांना साध्या भाषेतले प्रश्न विचारले होते. उदाहरणार्थ, अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोणी कोणावर जास्त बल लावले? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुलेही ‘ट्रकने’ असे उत्तर देत. सत्र संपले तरी त्यांच्या समजुती फारशा हलत नव्हत्या.

आपल्या विद्यार्थ्यांचे असे होणार नाही, या खात्रीने माझूर यांनी हीच चाचणी हार्वर्डमध्ये घेतली. निकालाने ते चक्रावले. मग त्यांनी एकाच परीक्षेत विद्युत मंडलावरचे दोन प्रश्न घातले. एक नेहमीचा: दोन बॅटऱ्या, काही रोध, किरखॉफचे नियम वापरून धारा काढा. दुसरा आकडे नसलेला, तीन दिव्यांचा. भौतिकशास्त्राच्या कोणत्याही शिक्षकाला दुसरा सोपा वाटेल. पण सुमारे ४० टक्के विद्यार्थ्यांना त्यात पहिल्यापेक्षा बरेच कमी गुण मिळाले. समीकरणे मांडून धारा काढणाऱ्याला दिवा उजळेल की मंद होईल, हे सांगता येत नव्हते!

याच सुमारास एक प्रसंग घडला. त्या चाचणीतला एक प्रश्न माझूर फळ्यावर समजावत होते. बराच वेळ झाला, तरी समोरचे चेहरे कोरेच. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तो बरोबर सोडवला होता, हे त्यांना माहीत होते. शेवटी हताश होऊन ते म्हणाले, आपापसात बोला. वर्गात एकच गलका झाला आणि दोनेक मिनिटांत प्रश्न सुटला. माझूर यांनी नंतर त्याचे कारण दिले. ज्याला एखादी गोष्ट आत्ताच समजली आहे, त्याला आपण कुठे अडखळलो होतो ते ठाऊक असते. शिक्षक ती अडचण केव्हाच विसरलेला असतो. वीस वर्षे ओहमचा नियम शिकवणाऱ्या आपल्यालाही हे लागू पडत नाही का?

१९९१ पासून माझूर यांनी हीच रीत ठरवून अवलंबली. थोडे बोलायचे, मग पर्याय असलेला एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी गप्प बसून स्वतःचे उत्तर ठरवायचे आणि नोंदवायचे. मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. गप्प बसण्याचा तो मिनिटभराचा वेळ वगळला, तर उरतात त्या नुसत्या गप्पा. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळेच बरोबर किंवा जवळजवळ सगळेच चूक असले, तर चर्चेतून फारसे हाती लागत नाही. आणखी एक बदल त्यांनी केला, तो मला सर्वांत धाडसी वाटतो. विद्यार्थ्यांची एकमेकांशी तुलना करून श्रेणी देणे त्यांनी बंद केले. शेजाऱ्याला मदत केल्याने आपला क्रमांक खाली जाणार असेल, तर कोण तोंड उघडेल?

परीक्षेतल्या गणितांचे काय, ही आपली पहिली शंका. १९८५ मध्ये व्याख्यान पद्धतीने शिकलेल्या वर्गाला दिलेला अंतिम परीक्षेचा पेपर माझूर यांनी १९९१ च्या वर्गाला जसाच्या तसा दिला. सरासरी ६३ वरून ६९ टक्क्यांवर गेली, आणि तीही वर्गात गणिते सोडवून दाखवण्याचा वेळ कमी केलेला असताना. संकल्पनांच्या चाचणीत मुले जेवढे शिकू शकली असती, त्यातले १९९० मध्ये पाव शिकली होती. १९९१ मध्ये जवळजवळ निम्मे शिकली.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे. हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात, असे तर नाही? कोलोराडो विद्यापीठातील मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी आनुवंशशास्त्राच्या वर्गात हे तपासून २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. चर्चेनंतर बरोबर उत्तर जाहीर न करता त्यांनी त्याच तत्त्वावरचा दुसरा प्रश्न एकेकट्याने सोडवायला दिला. बरोबर उत्तरे चर्चेपूर्वीपेक्षा स्पष्टपणे वाढली होती. सुरुवातीला ज्या गटांत कोणालाच उत्तर येत नव्हते, अशा गटांतही सुधारणा झाली असावी, असे त्यांच्या विश्लेषणातून दिसले.

माझूर यांच्या वर्गात पुढे उत्तर नोंदवायची यंत्रे आली, पण त्यांच्यावाचून अडत नाही. डोळे मिटून छातीशी एक, दोन किंवा तीन बोटे धरली, की साठ जणांच्या वर्गाचा अंदाज शिक्षकाला येतो.

तो तीन दिव्यांचा प्रश्न असा: क, ख, ग हे एकसारखे दिवे बॅटरीला एकसर जोडणीत जोडले आहेत. ग च्या दोन टोकांना समांतर एक कळ आहे, ती सध्या उघडी आहे. कळ बंद केली, तर क आणि ख चा प्रकाश वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? ग चे काय होईल? बॅटरीतून येणारी धारा वाढेल की घटेल? उत्तर इथे मुद्दामच छापलेले नाही. शिक्षक-खोलीत शेजारी बसणाऱ्याला विचारून पाहा. शक्यतो तो भाषेचा शिक्षक असावा.